पदराखालची टीप

बारामतीच्या कपड्यांच्या दुकानात मला बरोबर न्यायला माझी लेक आता तयार होत नाही. तिचं म्हणणं असं की, आई कपडे बघत नाही, कपड्यांची झडती घेते. मागच्या दिवाळीला तिला एक कुर्ता आवडला. ती आरशापुढं तो अंगाला लावून बघेपर्यंत मी त्याच रंगाचा दुसरा कुर्ता काढून उलटा केला होता, चष्मा कपाळावर चढवला होता आणि काखेतली टीप नाकाशी धरली होती. विकणारी मुलगी घाबरली. तिला वाटलं, म्हातारी वास घेतेय. मी तिला समजावून सांगितलं, "बाळ, ह्याला पकरिंग आहे." ती मोठ्या उत्साहानं म्हणाली, "असू द्या ना मॅडम, धुतल्यावर जाईल." तेव्हा लेकीनं माझ्या हातातून कुर्ता काढून घेतला आणि मला बाहेर बाकावर बसवलं. पिशव्या सांभाळायला. पन्नाशी ओलांडलेल्या बाईचा दुकानात एवढाच उपयोग. पण मी बाकावर बसून मनात म्हणत होते, धुतल्यावर जात नाही गं. कशानंच जात नाही.

आमचं घर इंदापुरात, बाजाराच्या मागच्या गल्लीत. घर म्हणजे पुढं आप्पांचं शिलाईचं दुकान आणि मागं उरलेल्या जागेत आम्ही. आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांच्या वडलांची शेळगावाकडं मेंढरं होती आणि आप्पांचे सगळे भाऊ काठी खांद्याला लावून कळपामागं जात. आप्पांचा पाय लहानपणी मोडला, नीट बसला नाही, म्हणून ते घरी राहिले आणि गावातल्या शिंप्याच्या ओट्यावर बसून बसून शिवायला शिकले. चुलते दिवाळीला घरी आले की मशीनकडं बघून म्हणायचे, "आमी लोकर कातरतो, तू कापड कातर. कातरायचं काय आपल्या नशिबातनं सुटलं न्हाय." आप्पा मान खाली घालून हसायचे. ते लंगडत चालायचे. पण मशीनवर बसले की दोन्ही पाय पायडलवर असे पळायचे की लंगडा कुठला ते कळू नये. मला वाटतं, म्हणूनच ते मशीनवरून उठायला नाखूश असत.

त्या मशीनच्या आवाजावर आमचं घर चालायचं. पँटीची लांब टीप असली की आवाज एका दमात धावायचा. कॉलरीपाशी आला की थांबत, ठेचकाळत, वळण घेत जायचा. मी मागच्या खोलीत अभ्यासाचं पुस्तक उघडून बसलेली असताना न बघता सांगू शकायची की आता खिसा चाललाय. परीक्षेत हे विचारत नसत, हे माझं दुर्दैव. आई मागच्या दारी चुलीवर भाकरी करायची, हुलग्याचं माडगं रटरटत ठेवायची आणि त्याच चुलीतले निखारे इस्त्रीत भरून शिवलेले कपडे दाबायची. त्यामुळं आमच्या गिऱ्हाइकांच्या शर्टांना कधीकधी माडग्याचा वास येई. पळसदेवचे एक मासेमार मामा तर शिलाईच्या बदल्यात चिलापी आणून द्यायचे, आणि मासे तळले त्या दिवशी ज्यांचा शर्ट घरात असे त्यांचं काही खरं नसे. एका नवरदेवाच्या मागं मांडवात मांजर लागलं होतं, असं आप्पा सांगायचे. आई म्हणायची, "काय बी सांगत्यात. मांजर न्हवं, मांजराची दोन पिल्लं व्हती."

पकरिंग हा शब्द ह्या घरात बारामतीहून आला, एसटीच्या टपावरून. तिथल्या एका मोठ्या दुकानासाठी आप्पा शाळेचे गणवेश शिवून द्यायचे. कापलेल्या कापडाचा गठ्ठा एसटीनं यायचा, शिवलेला गठ्ठा एसटीनं जायचा. एका वर्षी दुकानदाराचा पुतण्या शहरातून शिवणकामाचा कोर्स करून आला आणि त्याला माल तपासायला बसवलं. त्यानं पहिल्याच गठ्ठ्यातले शर्ट परत पाठवले. प्रत्येकाच्या बाजूच्या टिपेवर खडूनं गोल आणि निरोप असा की, आप्पांना सांगा, पकरिंग आलंय. आप्पांना काही कळेना. त्यांनी शर्ट उलटा केला, सुलटा केला, खिसे चाचपले. आत कुठं काही आलेलं दिसेना. शेवटी पँट शिवायला टाकलेले हायस्कूलचे इंग्रजीचे सर संध्याकाळी आले, तेव्हा आप्पांनी माप घ्यायच्या आधीच विचारलं, "सर, पकरिंग म्हंजी काय वो? चांगलं का वंगाळ?"

सर स्टुलावर बसले. त्यांना शब्दाचा अर्थ सांगायला कुणी विचारलं की पँटीचं भान राहत नसे. म्हणाले, "पकर म्हणजे आवळून सुरकुत्या पडणं. हे बघा, टिपेच्या दोन्ही बाजूंना कापड कसं बारीक गोळा झालंय. चिंच खाल्ल्यावर ओठ होतात ना, त्यालाही म्हणतात." मग म्हणाले, "आणि लहान मूल रडायच्या आधी, अजून आवाज फुटलेला नसतो, नुसता चेहरा गोळा होतो, बघितलंय? त्यालाही पकरच."

"म्हंजी रडणं न्हवं."

"नाही, रडणं नाही. रडायच्या अगदी आधीचं."

आप्पांनी शर्ट पुन्हा हातात घेतला. "आपल्याकडं ह्याला चुणी म्हंत्यात," ते म्हणाले. "पण चुणी आपुन घालतो. फ्रॉकाला घालतो, परकराला घालतो. ही न बोलावता आलीया. ह्याला येगळा शबुद पायजेच व्हता." दोष नव्या टेरिकॉटच्या कापडाचा होता, त्याला दोऱ्याचा ताण सैल लागायचा. आप्पांनी स्क्रू फिरवून, चिंध्यांवर टिपा मारमारून तो शोधून काढला, आणि पुढचा गठ्ठा एकाही खडूशिवाय पास झाला. त्या पुतण्यानं निरोप धाडला, "आप्पा, एक नंबर." आप्पांनी त्या दिवशी पेढे आणले. मुलगी पास झाल्यावर सुद्धा आमच्याकडं गुळावर भागायचं, आणि पकरिंग गेलं म्हणून पेढे.

मग काय, घरात तो शब्द मोकाट सुटला. पापड वाळताना आकसला की आई म्हणायची, पकरिंग आलं. मी शाळेतून तोंड पाडून आले की माझी थोरली बहीण, अक्का, माझी हनुवटी धरून उजेडाकडं वळवायची आणि आप्पांना हाक मारायची, "आप्पा, हिचा ताण ढिला करा, पकरिंग यायला लागलंय!" त्यावर मी रडायच्या बेतात असले तरी हसून द्यायची. अक्का दिसायला आईसारखी आणि बोलायला आप्पांसारखी. मी उलटी निघाले, असं सगळ्यांचं मत होतं. आम्हा चौघांत एवढं इंग्रजी कुणालाच येत नव्हतं, पण तो एक शब्द आम्ही सरांपेक्षा जास्त वापरला असेल.

नंतर काही वर्षांनी मी कॉलेजात गेले आणि अक्काचं लग्न लोणी भापकरच्या एका चांगल्या घरात ठरलं, त्या उन्हाळ्यात आप्पांच्या टिपेला पकरिंग यायला लागलं. पहिल्यांदा खापर दोऱ्यावर फुटलं. "दोऱ्यात राम न्हाय ऱ्हायला," आप्पा म्हणाले आणि दोरा बदलला. मग मशीनला तेल पाजलं, पट्टा बदलला, सुई बदलली. कापडाला शिव्या दिल्या. सगळं बदलून झालं तेव्हा बदलायचं एकच उरलं होतं, आणि ते आईला सगळ्यात आधी दिसलं, कारण दाबायला कपडे तिच्याकडं जायचे. तिनं मला नुसतं दारातून दाखवलं. आप्पांचा डावा हात कापडावर ठेवलेला होता आणि तो हात कापड सरकू देत नव्हता. धरून ठेवत होता. मग एकदम सोडत होता. तो हात मांडीवर असला की अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत राहायचे, जसं काही तो सतत न दिसणाऱ्या दोऱ्याला गाठ मारतोय. बारामतीच्या डॉक्टरांनी त्याला कंपवात असं नाव दिलं, ते बरंच नंतर.

"आपुन सांगू त्यांना," मी म्हटलं.

"सांगून?" आई म्हणाली. "मशिनीवरनं उठला तर ह्यो माणूस ऱ्हायाचा न्हाय, सुमे. तू गप बस."

आणि दुसऱ्या दिवशी तिनं ते सुरू केलं. आप्पा दुपारी जेवून बसस्टँडवर चहाला जायचे. ते गल्लीच्या तोंडाशी वळले की आई पिठाच्या डब्यामागून एक जुनं गंजकं ब्लेड काढायची आणि सकाळपासून त्यांनी शिवलेलं उसवायला बसायची. उसवलेलं कापड मी पुन्हा शिवायची. मला शिवायला कुणी शिकवलं नव्हतं. आवाज ऐकून जेवढं आलं होतं तेवढंच. वरून अट अशी की ती टीप माझी वाटता कामा नये. आप्पा टिपेच्या शेवटी उलटे टाके घ्यायचे आणि दोरा तिरका तोडायचे. मीही तसंच करायची. पहिल्या आठवड्यात मी एका हवालदाराच्या पँटीचे दोन्ही पाय एकमेकांना शिवले. आईनं कपाळाला हात लावला आणि मग आम्ही दोघी तोंडात पदर आणि ओढणी कोंबून हसलो. मग तिनं ते उसवलं. हसताना तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, तेव्हा मला ते हसण्याचंच वाटलं.

जमिनीवरचे दोऱ्याचे तुकडे आई झाडून चुलीत टाकायची. आम्हाला वाटायचं, आम्ही फार हुशार. एकाच गोष्टीची भीती होती, खालच्या बॉबिनीतला दोरा दुप्पट लागत होता. आप्पा परत येऊन बसले, डबी उघडली की म्हणायचे, "च्या मायला, बॉबीन लई लवकर सपाया लागलीय. उंदीर खात्यात का काय दोरा?" आई आतून म्हणायची, "खात असत्याल. मांजर पाळा." "मांजर नगं," आप्पा म्हणायचे, "नवरदेवामागं लागतंय." आणि मग मशीनच्या ड्रॉवरमधून दुसरी बॉबीन काढून लावायचे. ड्रॉवरमध्ये भरलेली बॉबीन नेहमी असायची. आम्हालाही दुपारी कधी कमी पडला नाही दोरा. माझ्यासारखी कॉलेजात जाणारी मुलगी, तिला एकदाही प्रश्न पडला नाही की ही रोज कोण भरून ठेवतंय.

अक्काच्या शालूच्या ब्लाऊजला मात्र आप्पांनी कुणाला हात लावू दिला नाही. आमच्याकडं लेकीच्या लग्नातलं कापड बाप शिवतो, अशी रीत त्यांनीच पाडली होती. घराण्यात पहिला शिंपी म्हटल्यावर रीत पाडायला कुणाची परवानगी लागणार? शालू हिरवा, पण तो पोपटी आणि पोपटीहून गडद ह्यांच्या मधला कुठला तरी हिरवा. दोऱ्याचा रंग जुळवायला ते चिंधी खिशात घालून बारामतीला गेले आणि सगळी दुकानं पालथी घालून एक रीळ घेऊन आले. मग ते शिवायला बसले. मशीनचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. दोन पावलं चालायचा, थांबायचा. पुन्हा दोन पावलं. एखादा माणूस अंधारात जिना उतरतो तसा. आई भाकरी थापता थापता थांबायची, आवाज सुरू झाला की पुन्हा थापायची. तिच्या त्या दिवसांतल्या सगळ्या भाकरी जाड झाल्या, आणि आप्पा निमूटपणे खायचे.

शेवटी एका दुपारी त्यांनी ब्लाऊज मशीनवर घडी घालून ठेवला, "झाला" म्हणाले, आणि चहाला गेले. आम्ही तिघी त्याच्याभोवती उभ्या राहिलो. रेशमाला काही लपवता येत नाही. खांद्यावर, काखेत, बाजूला, जिथं जिथं टीप गेली होती तिथं कापड आवळून उभं राहिलं होतं.

अक्का म्हणाली, "मी हाय तसा घालीन. उसवू नगा."

"तू घालशील," आई म्हणाली, "पण बघणाऱ्या बाया काय आंधळ्या हायती? शिंप्याची पोरगी आन अंगात ह्यो ब्लाऊज. उद्या दुकानात कोण पाय ठिवील? त्यांना कुणी तोंडावर ईचारलं तर? तुज्याच लग्नात ईचारलं तर?"

आईनं गंजकं ब्लेड काढलं. तिनं बाजू उसवली, खांदा उसवला, उजवी बाही काढली. मी शिवायला बसले. पायडलवर पाय ठेवला, चाक फिरवलं, पाच-सहा टाक्यांत खालचा दोरा संपला. रीळ बघितलं तर तेही लाकडापर्यंत आलेलं. तो हिरवा इंदापुरात मिळणारा नव्हता. बारामतीला जाऊन यायचं तर संध्याकाळ, आणि आप्पा येणार घटकाभरात. मशीनवर ब्लाऊजचे तुकडे पडलेले. मी सवयीनं ड्रॉवर उघडला, नुसताच, काहीतरी करायचं म्हणून.

आत वर्तमानपत्राची एक छोटी पुडी होती. पुडीत हिरव्या दोऱ्यानं गच्च भरलेली एक बॉबीन, त्याच दोऱ्याचं एक कोरं रीळ, रेशमाला लागते ती बारीक सुई, आणि एक नवं ब्लेड. मधोमध मोडून अर्धं केलेलं. धरायच्या बाजूला चिंधी गुंडाळलेली, बोट कापू नये म्हणून.

आप्पांनी उभ्या आयुष्यात स्वतःची टीप उसवली नव्हती. त्यांना ब्लेड लागत नसे.

आई तिथंच जमिनीवर बसली. ती रडली नाही. तिनं ते ब्लेड हातात घेतलं आणि चिंधीवरून अंगठा फिरवत राहिली. म्हणाली, "ह्यो रोज च्या प्याला जातो... आन मी म्हंते, एवढा येळ कसा लागतो च्याला." मग मला म्हणाली, "सुई बदल. रेशमाला बारीक लागती." तिला हे माहीत असायचं काही कारण नव्हतं, ती आप्पांचंच वाक्य बोलत होती.

मी शिवलं. माझे हात थरथरत होते आणि त्या दिवशी मला कळलं, थरथरत्या हाताला सरळ टीप मारायला किती जोर लावावा लागतो. एक खांदा झाला, बाजू झाल्या, उजवी बाही झाली. आईनं डाव्या बाहीला ब्लेड लावलं तेव्हा अक्कानं तिचा हात धरला.

"ही ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "डाव्या खांद्यावर पदर येतो."

आईनं तिच्याकडं बघितलं. ब्लेड पुडीत ठेवलं.

आप्पा गल्लीच्या तोंडाशी खोकले. ते नेहमीच तिथं खोकायचे, आम्ही समजायचो विडीचा खोकला आहे. त्या दिवशी समजलं की त्यांना खोकला नव्हताच. ते आत आले, टोपी खुंटीला लावली आणि ब्लाऊज उचलला. उलटा केला. उजव्या हाताचं बोट टिपेवरून फिरवत नेलं, बाजूनं काखेत, काखेतून खांद्यावर, जसं गठ्ठा बारामतीला जायच्या आधी प्रत्येक शर्टावरून न्यायचे. "बग," ते अक्काला म्हणाले, "कुठं पकरिंग न्हाय." मग बोट डाव्या बाहीवर आलं आणि थांबलं. त्यांनी ती बाही उजेडाला धरली. ती त्यांचीच होती, सगळ्या चुण्यांसकट. त्यांनी मान वर केली.

अक्का म्हणाली, "पदर येतो आप्पा तिथं."

आवाज फुटला नाही. सर म्हणाले होते ते, आवाजाच्या आधीचं, ते मी माझ्या बापाच्या चेहऱ्यावर बघितलं. कपाळ, डोळे, ओठ, सगळं एका दोऱ्यावर ओढल्यासारखं मध्ये गोळा झालं आणि तिथंच थांबलं. मग त्यांनी हळूहळू ते सोडवलं, एकेक घडी उलगडावी तसं. ब्लाऊजची घडी घातली. म्हणाले, "सुमे, टीप बरी हाय. पर दोरा तिरका तोडताना घाई करतीस." आणि आईला म्हणाले, "च्या टाक गं थोडा. आज प्यालो न्हाय."

लग्नात अक्कानं पदर डाव्या खांद्यावर पिनेनं असा घट्ट लावला की लोणी भापकरच्या बायका म्हणाल्या, नवरी फारच लाजरी आहे. सगळ्यांनी ब्लाऊजचं कौतुक केलं. आप्पा मांडवाच्या कडेला खुर्चीत बसले होते, डावा हात उजव्या हाताखाली दाबून, आणि कौतुक करायला येईल त्याला मान हलवत होते. लग्नानंतर ते मशीनवर बसले नाहीत. दुपारी चहालाही गेले नाहीत. मी शिवायची आणि ते शेजारी स्टुलावर बसून बॉबिनी भरायचे. भरताना दोरा आपसूक थरथरत गुंडाळला जायचा आणि त्यानं काही बिघडत नसे. तेवढं काम त्यांना शेवटपर्यंत जमलं.

आई गेली, आप्पा तर त्याच्या किती आधी गेले. अक्का आता आजी आहे, अजून तेवढीच बोलते, गुडघ्यांना शिव्या घालत. मागच्या महिन्यात मी लोणीला गेले होते तेव्हा तिनं ट्रंक उघडून तो ब्लाऊज काढला. दोघींत मिळून एक दंड त्यात जाईना, त्यावर आम्ही पोट धरून हसलो. मग ती बाही आम्ही उजेडाला धरली. माझी टीप कुठं संपते आणि आप्पांची कुठं सुरू होते, ते माझ्या बोटांना न बघता कळलं; माझ्या बोटांची कातडी आता त्या टिपेसारखीच झालीय, जरा वेळानं सुरकुती बोटाची की कापडाची ते कळेना. अक्काची सून चहा घेऊन आली. ब्लाऊज बघून सासूला म्हणाली, "आत्या, किती चुरगळलाय. द्या इकडं, इस्त्री फिरवते."

अक्कानं तो छातीशी ओढून घेतला.

"ह्याला न्हाय फिरवायची," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा मध्ये गोळा झाला.